निवृत्तीनंतर आरव्हीने अमेरिका: गाडी केवढी घ्यावी, आणि बाकीच्या शंका

मेधा_एडिसन

नमस्कार मंडळी. आम्ही दोघं न्यू जर्सीत असतो. ह्यांचं वय ६७, माझं ६५ नुकतंच पूर्ण झालंय. दोघंही निवृत्त, दोघांकडे अमेरिकन नागरिकत्व. एप्रिलच्या मध्यावर निघून सप्टेंबरअखेर परत, असा आरव्हीने, म्हणजे आत राहायची सोय असलेल्या गाडीने, देश फिरायचा बेत आहे. घर बंद ठेवणार, विकणार नाही. यादीत आहेत न्यू मेक्सिको, युटातलं झायन आणि ब्राइस, यलोस्टोन, ग्लेशियर आणि साउथ डकोटा. जूनमध्ये पुण्याहून दीर-जाऊ येऊन दहा दिवस आमच्याबरोबर असतील.

शंका अशा: क्लास ए, बी, सी यातलं काय घ्यावं? विकत की भाड्याने? संडासाची टाकी रिकामी करणं म्हणजे नेमकं काय करायचं असतं (व्हिडिओ बघून ह्यांचा निम्मा उत्साह ओसरलाय)? रोज कुकर लावायचा, पोळ्या करायच्या तर वीज आणि गॅस पुरतो का? आणि मेडिकेअरचं, म्हणजे ६५ नंतरच्या सरकारी आरोग्यविम्याचं काय? कृपया "फार सुंदर अनुभव असतो, जरूर जा" एवढंच लिहू नका. आकडे आणि अडचणी सांगा.

घाटवाट

मेधाताई, तुमची यादी बघता गाडी पलंगावरून किंवा किमतीवरून निवडू नका. लांबी, उंची, रुंदी या तीन मापांवरून निवडा.

क्लास ए म्हणजे बससारखी, २८ ते ४५ फूट. क्लास बी म्हणजे उंच छताची व्हॅन, १८ ते २२ फूट. क्लास सी म्हणजे पुढे ट्रकचं किंवा व्हॅनचं केबिन, त्यावर झोपायचा माळा आणि मागे घर, साधारण २२ ते ३२ फूट. भाड्याने मिळणाऱ्या बहुतेक गाड्या सी असतात. २५ फुटी सी वरच्या एसीसकट १२ फुटांच्या आसपास उंच आणि साधारण ८ फूट ४ इंच रुंद भरते. आता ही मापं तुमच्या ठिकाणांना लावून बघा.

झायन-माउंट कार्मेल बोगदा: ७ जून २०२६ पासून ११ फूट ४ इंचांपेक्षा उंच, ७ फूट १० इंचांपेक्षा रुंद किंवा ३५ फूट ९ इंचांपेक्षा लांब गाड्यांना बंद. पूर्वी १५ डॉलर भरले की वाहतूक थांबवून मोठी गाडी मधून सोडायचे, ते संपलं. म्हणजे २५ फुटी सी लांबीत बसते, पण उंची आणि रुंदी दोन्हीत नापास. झायनहून ब्राइसला हरिकेन, फ्रेडोनिया, कनॅब असा वळसा घालून जायचं. नेटवरचे जुने प्रवासवृत्तांत अजून बोगद्यातूनच पाठवतात, त्यांच्यावर विसंबू नका.

ग्लेशियरचा गोइंग-टू-द-सन रोड: ॲव्हलांच कॅम्पग्राउंड ते रायझिंग सन या टप्प्यात २१ फुटांहून लांब (बंपर धरून) किंवा ८ फुटांहून रुंद (आरसे धरून) गाडी चालत नाही. इथे क्लास बी सुद्धा आरसे धरून मोजावी लागते. तेव्हा आरव्ही खाली लावायची आणि उद्यानाच्या शटलने किंवा कॅलिस्पेलहून दोन दिवस भाड्याने कार घेऊन वर जायचं. हा रस्ता पूर्ण उघडायला जूनअखेर किंवा जुलै उजाडतो, आधी जाऊन उपयोग नाही.

साउथ डकोटात कस्टर स्टेट पार्कमधल्या नीडल्स हायवेवरचा नीडल्स आय बोगदा ८ फूट रुंद, ९ फूट ९ इंच उंच आहे. तिकडे आरव्ही वळवूच नका.

एवढं सगळं असूनही दोघांना साडेपाच महिने राहायला मी २४-२५ फुटी क्लास सीच सांगेन. बी चालवायला सोपी, पण पावसात तीन दिवस आत कोंडून बसायची वेळ आली की दोघांपैकी एकाने पलंगावर बसल्याशिवाय दुसऱ्याला ओट्यापाशी जाता येत नाही. ३० फुटांच्या पुढे गेलात तर राष्ट्रीय उद्यानांमधल्या कॅम्पग्राउंडच्या जुन्या वळणांत जागा मिळणं अवघड होतं.

दीर-जाऊंसाठी पलंग मोजू नका, सीटबेल्ट मोजा. केबिनमध्ये दोन असतात. जेवणाच्या टेबलाच्या बाकांना बेल्ट आहेत का, आणि किती, ते करारात बघा. गाडी चालू असताना कोणी माळ्यावर किंवा मागच्या पलंगावर झोपायचं नाही.

क्रम असा ठेवा. आय-८१ महामार्गाने दक्षिणेला, मग आय-४० ने पश्चिमेला. एप्रिलअखेर न्यू मेक्सिको, मेमध्ये युटा, जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यात यलोस्टोन, जुलैच्या मध्यावर ग्लेशियर, ऑगस्टमध्ये साउथ डकोटा, मग आय-९० ने सावकाश घरी. उलटं फिरलात तर मेमध्ये मोंटानात बर्फ आणि ऑगस्टमध्ये युटाच्या वाळवंटात होरपळ, दोन्ही पदरात पडेल. वायोमिंगचे बिगहॉर्न डोंगर ओलांडताना १४ए नंबरचा रस्ता टाळा, त्यावर १० टक्के उतार आहे. १६ नंबरचा रस्ता तिथल्या तिन्हींत सौम्य.

उतारावर टो-हॉल मोड (जड ओझ्यासाठी असलेली गिअरची सोय) लावून गिअर खाली आणा, इंजिनला गाडी धरू द्या. ब्रेकवर पाय ठेवून उतरलात तर पॅड तापतात आणि पुढच्या वळणावर ब्रेक हलका पडतो. वळताना मागचा भाग उलट बाजूला बाहेर झुकतो, पेट्रोलपंपाचे खांब यातच लागतात. गाडीची उंची फूट-इंचात लिहून स्टिअरिंगजवळ चिकटवा. गूगल मॅप्सला तुमची उंची माहीत नसते. उंची टाकता येईल असा आरव्हीचा जीपीएस घ्या, विशेषतः न्यूयॉर्क-कनेटिकटच्या पार्कवेंवरचे ठेंगणे पूल टाळायला. बाल्टिमोरच्या हार्बर आणि फोर्ट मॅकहेन्री या दोन्ही बोगद्यांत १० पौंडांपेक्षा मोठी प्रोपेनची टाकी असलेली गाडी नेता येत नाही. २०२४ मध्ये की ब्रिज पडल्यापासून पूर्वेकडचा पर्यायही गेला, त्यामुळे शहराभोवतीच्या आय-६९५ च्या पश्चिम बाजूने जायचं. तुम्ही आय-७८ वरून आय-८१ धरलात तर हा प्रश्नच येत नाही.

जुनं_लोखंड

भाड्याचा हिशोब आधी मांडा. दिवसाला १५० डॉलर धरले तर १६५ दिवसांचे २४,७५० डॉलर, आणि मैलांचे, जनरेटरच्या तासांचे वेगळे. एवढ्या मुक्कामाला पाच ते आठ वर्षं जुनी सी विकत घेऊन परत आल्यावर विकणं बहुधा स्वस्त पडतं. नवी मात्र घेऊ नका, शोरूमबाहेर काढताच किंमत घसरते आणि पहिलं वर्ष दुरुस्तीच्या रांगेत जातं. न्यू जर्सीत विक्रीकर ६.६२५ टक्के, म्हणजे ६०,००० च्या गाडीवर ३,९७५ डॉलर. तो विकताना परत मिळत नाही, हिशोबात धरा. पेट्रोल: ९,००० मैल, गॅलनला ९ मैल, म्हणजे १,००० गॅलन.

जुनी गाडी इंजिनामुळे क्वचितच बाद होते, पाण्यामुळे होते. क्लास सीचं सगळ्यात कच्चं ठिकाण म्हणजे माळ्याचे पुढचे दोन कोपरे. आतून गादी उचलून लाकूड अंगठ्याने दाबा. मऊ लागलं किंवा कुबट वास आला तर तिथूनच परत फिरा. बाहेरच्या फायबरग्लासवर उन्हात तिरकं बघा. फुगवटे दिसले तर आतला थर सुटलाय, ती दुरुस्ती परवडत नाही. शिडी लावून छतावर चढा आणि व्हेंट, एसी, अँटेना यांच्या कडेचं सीलंट तपासा. भेगा असतील तर आपोआप सपाट होणारं लॅप सीलंट लावायचं, घरगुती सिलिकॉन नाही. सिलिकॉनवर पुढे दुसरं काहीच चिकटत नाही.

टायरची नक्षी बघून फसू नका. आरव्हीचे टायर झिजण्याआधी म्हातारे होतात. टायरच्या बाजूवर छापलेल्या डीओटी नंबरचे शेवटचे चार आकडे वाचा: २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. सहा-सात वर्षं झाली असतील तर सहाच्या सहा बदलायचा खर्च किमतीतून वजा करून मागा. मागच्या जोडचाकांतला आतला टायर कोणी बघत नाही, तो हात घालून बघा.

दाराजवळ वजनाचं लेबल असतं. माणसं आणि सामान मिळून किती पौंड चालतात ते त्यावर लिहिलेलं असतं, आणि पाणी सामानातच धरलेलं असतं. गॅलनला ८.३४ पौंड, म्हणजे ४० गॅलनची टाकी भरली की ३३३ पौंड गेले. काही क्लास सी गाड्यांत हा आकडा जेमतेम हजाराच्या आसपास असतो. चार माणसं, पाणी, तांदळाची पोती आणि दिराच्या दोन बॅगा, झालं पूर्ण. ट्रकथांब्यावर कॅट स्केल, म्हणजे गाड्यांचा वजनकाटा असतो, तिथे भरलेली गाडी एकदा तोला आणि त्या वजनाप्रमाणे हवा भरा.

शेवटी एनआरव्हीआयएचा (आरव्ही तपासनिसांची संघटना) प्रमाणित तपासनीस लावा. विक्रेत्याने सुचवलेला नको, तुम्ही शोधलेला.

विहीरकर

टाक्यांचं मी सांगतो. काका उगाच घाबरलेत.

तीन टाक्या असतात: पिण्याचं पाणी, ग्रे म्हणजे बेसिन-अंघोळीचं, आणि ब्लॅक म्हणजे संडासाची. सगळ्यात मोठी चूक अशी: पूर्ण हुकअपची, म्हणजे पाणी, वीज आणि सांडपाणी तिन्हींच्या जोडणीची जागा मिळाली की लोक ब्लॅकचा व्हॉल्व्ह उघडाच ठेवतात, "आपोआप वाहून जाईल" म्हणून. पाणी वाहून जातं, घट्ट भाग मागे उरतो आणि बरोबर नळीखाली ढीग साचून वाळतो. मग तो काढायला माणूस बोलवावा लागतो. ब्लॅकचा व्हॉल्व्ह कायम बंद. टाकी दोन तृतीयांश भरली की एकदम उघडायचा, म्हणजे जोरात सगळं निघतं.

रिकामी करताना रबरी हातमोजे घाला. नळीचं एल्बोचं टोक आधी जमिनीतल्या भोकात पक्कं बसवा, मग दुसरं टोक गाडीला. उलट क्रमाने केलंत आणि व्हॉल्व्ह थोडा जरी गळत असेल तर बुटांवर येतं. ब्लॅक उघडा. धबधबा थांबला की संडासातून दोन-तीन बादल्या पाणी ओता किंवा फ्लशची वेगळी जोडणी असेल तर ती पाच मिनिटं चालवा. फ्लश चालू असताना ब्लॅक उघडाच हवा, बंद ठेवून विसरलात तर पाणी वर कमोडमधून घरात येतं. मग ब्लॅक बंद, ग्रे उघडा. साबणाच्या पाण्याने नळी धुऊन निघते, म्हणून हा क्रम. शेवटी ब्लॅकमध्ये एक-दोन गॅलन साधं पाणी आणि एन्झाइमचं औषध टाकून ठेवा. कोरडी टाकी वास मारते. सगळं मिळून पंधरा मिनिटांचं काम.

आपल्या लोकांना इथे एक फायदा आहे. संडासाला जेट लावला तर कागद कमी जातो आणि पाणी जास्त, दोन्ही टाकीला चांगलं. फक्त टाकी लवकर भरते. ३० गॅलनची दोघांना पाच-सहा दिवस, चौघांना तीन. पॅनेलवरच्या दिव्यांवर भरवसा ठेवू नका, सेन्सरला कागद चिकटला की टाकी कायम "भरलेली" दिसते.

पिण्याच्या पाण्याची पांढरी किंवा निळी नळी वेगळ्या कप्प्यात ठेवा. नळ, मग पितळी प्रेशर रेग्युलेटर, मग फिल्टर, मग नळी, मग गाडी, असा क्रम. रेग्युलेटर ४० ते ५० पीएसआय दाबाचा. काही कॅम्पग्राउंडवर दाब इतका असतो की आतल्या प्लास्टिकच्या जोडण्या सुटतात, आणि ते कळतं गालिचा भिजल्यावर. निघण्याआधी टाकी निर्जंतुक करा. दर १५ गॅलनला पाव कप बिनवासाचं ब्लीच, ४० गॅलनला साधारण पाऊण कपाला किंचित कमी. ते पाण्यात मिसळून भरा, प्रत्येक नळाला ब्लीचचा वास येईपर्यंत सोडा, रात्रभर ठेवा, काढून दोनदा धुवा. हे करताना पाण्याचा हीटर बंद. हीटरमध्ये पाणी आहे याची खात्री होईपर्यंत त्याचा विजेचा एलिमेंट चालू करायचा नाही, कोरडा एलिमेंट मिनिटभरात जळतो.

जूनमध्येही यलोस्टोनला रात्री पारा शून्याजवळ जातो. थंडीचा अंदाज असेल तर नळी काढून ठेवायची आणि आतल्या टाकीचं पाणी वापरायचं.

मेधा_एडिसन

धन्यवाद! सगळं ह्यांना वाचून दाखवलं, रंग जरा परत आलाय. अजून तीन प्रश्न. ह्यांचं म्हणणं, गॅसऐवजी इंडक्शन वापरू, आणि निघण्याआधी गाडी घरी गॅरेजमधल्या ड्रायरच्या प्लगला लावून ठेवू. चालेल? दुसरं, आमचं दोघांचंही मेडिकेअर ॲडव्हांटेज एचएमओ (खाजगी कंपनीमार्फतचं, ठरावीक डॉक्टरांपुरतं मेडिकेअर) आहे, माझं याच महिन्यात सुरू झालंय. आणि कुंडीतला कढीपत्ता बरोबर न्यावा म्हणते, मे महिन्यात दोन दिवस कॅलिफोर्नियात भाचीकडे जाऊ.

फेज_न्यूट्रल

ड्रायरच्या प्लगला लावू नका! आधी हे वाचा, मग बाकीचं.

आरव्हीचा ३० अँपचा प्लग तीन पिनांचा, १२० व्होल्टचा असतो. तो बघून ड्रायरच्या २४० व्होल्टच्या सॉकेटसारखा वाटतो. काही इलेक्ट्रिशियनसुद्धा सवयीने तिथे २४० जोडतात. लावला की मायक्रोवेव्ह, चार्जर, फ्रिजचा बोर्ड, एसी, सगळं एका क्षणात जातं. घरी लावायचंच तर अडॅप्टर लावून साध्या १५ अँपच्या प्लगला. त्यावर बॅटरी चार्ज होते आणि फ्रिज थंड होतो, एसी नको.

कॅम्पग्राउंडवर प्लगच्या आधी ईएमएस लावा, म्हणजे व्होल्टेज तपासून मगच वीज आत सोडणारा डबा. खांबावरचा ब्रेकर बंद, ईएमएस लावा, ब्रेकर चालू, हिरवा दिवा आला की ब्रेकर परत बंद, गाडीचा प्लग, ब्रेकर चालू. उन्हाळ्यात दुपारी सगळ्यांचे एसी चालू झाले की जुन्या कॅम्पग्राउंडवर व्होल्टेज १०५ च्या खाली येतं. अशा वेळी एसीचा कंप्रेसर जास्त करंट ओढून तापतो. ईएमएस तो आधीच तोडतो.

इंडक्शनचं गणित: ३० अँप गुणिले १२० व्होल्ट, म्हणजे सगळ्या गाडीला ३,६०० वॉट. १३,५०० बीटीयूचा (बीटीयू हे उष्णतेचं माप) एसी १२-१३ अँप, गरम पाण्याचा एलिमेंट १२, मायक्रोवेव्ह १२-१३, १,८०० वॉटची इंडक्शन १५, विजेवरचा फ्रिज ३. एसी आणि इंडक्शन दोन्ही पूर्ण चालवलं की २८, त्यात फ्रिज धरला की ३१. ब्रेकर पडला म्हणून समजा. इंडक्शन १,००० वॉटवर ठेवा किंवा तेवढा वेळ एसी बंद करा. पाण्याचा हीटर गॅसवर टाका. बहुतेक राष्ट्रीय उद्यानांच्या कॅम्पग्राउंडवर वीजच नसते, तिथे गॅसशिवाय इलाज नाही. यलोस्टोनमध्ये हुकअप फक्त फिशिंग ब्रिज कॅम्पग्राउंडला आहेत. तिथे अस्वलांमुळे तंबू चालत नाहीत, कडक भिंतींच्या गाड्याच घेतात.

गॅस भरपूर पुरतो. प्रोपेनच्या एका गॅलनमध्ये सुमारे ९१,५०० बीटीयू. ७,००० बीटीयूची शेगडी पूर्ण ज्योतीवर १३ तास चालते. गॅस खातो तो फर्नेस, म्हणजे गाडी आतून उबदार ठेवणारा हीटर: ३०,००० बीटीयूचा असेल तर गॅलनमागे तीनच तास. फर्नेसचा पंखा बॅटरीतून ७-८ अँप ओढतो. रात्री दहा तासांत निम्मा वेळ चालला तर ४० अँप-तास. साध्या १०० अँप-तासाच्या लेड-ॲसिड बॅटरीतून ५० च वापरायचे असतात. त्यामुळे थंडीच्या रात्री पहाटे चारला फर्नेस बंद पडतो आणि माणूस गॅस संपला समजून टाकी बघायला बाहेर येतो. संपलेली असते बॅटरी. क्लास सीची गॅसटाकी गाडीलाच बोल्ट केलेली असते, सिलिंडर बदलून मिळत नाही. गाडी घेऊन प्रोपेनवाल्याकडे जावं लागतं, आणि तो ८० टक्केच भरतो, तेच बरोबर. पेट्रोल भरताना गॅस बंद.

फ्रिज गॅसवर चालणारा असेल तर गाडी सपाट उभी करणं शोभेसाठी नाही. त्यात कंप्रेसर नसतो, अमोनिया आणि पाणी उतारानेच फिरतं. गाडी तिरकी ठेवून तासन्तास चालवला तर नळ्यांत क्षार बसतात आणि तो कायमचा जातो. निघायच्या आदल्या दिवशी चालू करा, थंड व्हायला १०-१२ तास घेतो. आत थर्मामीटर ठेवा, इन्सुलिन असेल तर नक्कीच.

स्वयंपाकाबद्दल थोडं. ब्राइस आणि यलोस्टोनची वस्ती ८,००० फुटांच्या आगेमागे आहे, तिथे पाणी ९२ अंशांवरच उकळतं. भातही कुकरमध्येच करा, डाळीला नेहमीपेक्षा शिट्ट्या जास्त, छोले-राजमा रात्रभर भिजवल्याशिवाय नकोच. फोडणी देताना पंखा आणि छताचं व्हेंट आधी उघडा, नाहीतर मोहरी तडतडायच्या आत स्मोक अलार्म तडतडतो. म्हणून अलार्मची बॅटरी काढून ठेवणारे भेटतात, तसलं काही करू नका. तवा १० इंची घ्या, मोठा ठेवला की शेजारची शेगडी झाकते. तेलकट कढई आधी कागदाने पुसा, मग धुवा. डाळीची पेज आणि तेल ग्रे टँकमध्ये चार दिवस राहिलं तर ब्लॅकपेक्षा घाण वास येतो. भाड्याची गाडी असेल तर पांढऱ्या बेसिनमध्ये हळदीचं काही ठेवू नका, डिपॉझिट पिवळं होतं. बाहेर बाकावर स्वयंपाक केलात तर यलोस्टोन-ग्लेशियरमध्ये कुकर, कढई, अगदी रिकामी भांडीसुद्धा बाहेर सोडून आत जायचं नाही. अस्वलांसाठीचा नियम आहे, रेंजर दंड करतो. मिक्सर ११० व्होल्टचा घ्या, भारतातला चालणार नाही.

शिल्पा_फिनिक्स

मेधाकाकू, मेडिकेअर आधी मार्गी लावा, मग गाडी बघा. एचएमओ तुमच्या भागापुरतं असतं. इमर्जन्सी आणि तातडीचे उपचार देशात कुठेही मिळतात, पण मोंटानात बीपीची तपासणी किंवा गुडघ्याचं फिजिओ नाही. शिवाय सलग सहा महिन्यांपेक्षा जास्त भागाबाहेर राहिलात तर प्लॅन नाव काढू शकतो. तुमचे साडेपाच महिने आहेत, लांबवू नका. मूळ मेडिकेअर मात्र ते घेणाऱ्या कुठल्याही राज्यातल्या डॉक्टरकडे चालतं.

ॲडव्हांटेजवाल्यांना १ जानेवारी ते ३१ मार्च या काळात मूळ मेडिकेअरवर परत जाता येतं, म्हणजे तुमच्या निघण्याआधी. पार्ट डी, म्हणजे औषधांचा विमा, वेगळा घ्यावा लागेल. पुरवणी विमा, म्हणजे मेडिगॅप, इथे तुमच्यात आणि काकांत फरक आहे. ६५ नंतर पार्ट बी (मेडिकेअरचा डॉक्टरांच्या खर्चाचा भाग) सुरू झाल्यापासून सहा महिने कंपनी आजारपणावरून नाकारू शकत नाही. तुमची ती मुदत चालू आहे, काकांची बहुधा संपलीय, त्यांना आरोग्याचे प्रश्न विचारतील. काकांना मेडिगॅपचा होकार लेखी हातात आल्याशिवाय ॲडव्हांटेज सोडू देऊ नका. राज्याचा मोफत सल्ला मिळतो, एसएचआयपी नावाने, तिथे आधी बोला. ग्लेशियरहून कॅनडात डोकावणार असाल तर मेडिकेअर सरहद्दीवर थांबतं, प्रवासविमा घ्या. औषधं ९० दिवसांची भरून घ्या आणि देशभर शाखा असलेल्या दुकानात प्रिस्क्रिप्शन ठेवा.

विमा: भाड्याची मोटरहोम तुमच्या कारच्या पॉलिसीत आणि क्रेडिट कार्डाच्या संरक्षणात बहुधा बसत नाही, लेखी विचारा. टोइंगची साधी मेंबरशिप आरव्ही ओढत नाही, आरव्हीची वेगळी घ्यावी लागते. बंद घराच्या पॉलिसीत ३० किंवा ६० दिवस घर रिकामं असेल तर काय, हे कलम वाचा. निघताना मुख्य पाण्याचा नळ बंद.

पास: ६२ च्या पुढच्या नागरिकांना आणि ग्रीनकार्डवाल्यांना सीनियर पास आयुष्यभराचा ८० डॉलर, वर्षाचा २०. राष्ट्रीय उद्यानांच्या प्रवेशाबरोबरच संघसरकारच्या बऱ्याच कॅम्पग्राउंडचं भाडं यावर निम्मं होतं. लोकांना आर्मी कोअर ऑफ इंजिनिअर्सची कॅम्पग्राउंड माहीत नसतात. धरणांच्या तलावाकाठी, वीज असलेल्या ऐसपैस जागा, आणि त्यावरही निम्मं भाडं. आय-४० च्या वाटेवर टेनेसी, आर्कान्सा, ओक्लाहोमात भरपूर आहेत. उद्यानांमधलं बुकिंग बऱ्याच ठिकाणी सहा महिने आधी उघडतं आणि काही मिनिटांत संपतं. उद्यानांच्या आतल्या खाजगी कंत्राटदारांच्या जागांवर सवलत मिळेलच असं नाही.

कढीपत्ता घरीच ठेवा. कॅलिफोर्नियात शिरताना आय-१० वर ब्लाइदला, आय-४० वर नीडल्सला शेतीखात्याचं तपासणी नाकं असतं. लिंबू-संत्र्यांच्या झाडांचा रोग पसरवणारी सिट्रस सिलिड ही कीड कढीपत्त्यावर वाढते, म्हणून कुंडी आणि ताजी पानं दोन्ही काढून घेतात. आरव्ही बघून आत येऊन फ्रिज उघडून बघतात. वाळवलेली पूड करून न्या. जळाऊ लाकूडही एका राज्यातून दुसऱ्यात नेऊ नका, जिथे जाळायचं तिथेच विकत घ्या.

मेधा_एडिसन

शिल्पा, कढीपत्त्याचं कोणीच सांगितलं नसतं! मेडिगॅपसाठी उद्याच फोन करते. घाटवाट आणि जुनं_लोखंड, तुमचं दोघांचं मिळून आम्ही ठरवलं: विकत घ्यायची, पण आधी आठवडाभर भाड्याने घेऊन बघायची. मार्चअखेरीस जवळपास कुठे जावं?

घाटवाट

व्हर्जिनियातलं शेनान्डोआ राष्ट्रीय उद्यान. २५ फुटी सीच घ्या, जी विकत घेणार तेवढीच. आय-७८, हॅरिसबर्गच्या अलीकडे आय-८१ दक्षिणेला, न्यू मार्केटला उतरून २११ नंबरच्या रस्त्याने लुरे गाव. पावणेतीनशे-तीनशे मैल होतात. एका दिवसात करू नका, मध्ये मुक्काम घ्या. आरव्हीवाल्यांचा तीन-तीन-तीनचा नियम असतो: दिवसाला ३०० मैलांच्या आत, दुपारी तीनच्या आत पोच, एका जागी तीन रात्री. उशिरा पोचून अंधारात गाडी मागे घेताना झाडाची फांदी दिसत नाही, म्हणून तीन. मागे घेताना एकाने खाली उतरून मागच्या कोपऱ्यात, आरशात दिसेल असं उभं राहायचं. आरशात माणूस दिसेनासा झाला की चालवणाऱ्याने थांबायचं, ओरडायची वाट बघायची नाही.

लुरेला खाजगी जागेत पूर्ण हुकअपवर दोन रात्री, मग वर उद्यानातल्या बिग मेडोज कॅम्पग्राउंडला बिनाहुकअप दोन रात्री. बिग मेडोज उघडलंय का ते आधी बघा, हिवाळ्यात बंद असतं. थॉर्नटन गॅप या खिंडीने वर चढलात तर लगेच मेरीज रॉक बोगदा लागतो, उंची १२ फूट ८ इंच. तुमची १२ फुटी गाडी जाते, पण भाड्याच्या कागदावरचा आकडा आधी वाचा. नको वाटलं तर ३३ नंबरने स्विफ्ट रन गॅपला चढा, तिकडून हा बोगदा लागत नाही. मार्चमध्ये वर रात्री गोठतं, फेज_न्यूट्रलने सांगितलेलं फर्नेस-बॅटरीचं गणित तिथे आपोआप तपासून होईल. झोपताना आणि उठताना बॅटरीचं व्होल्टेज लिहून ठेवा. सकाळी १२.१ च्या खाली दिसलं तर विकत घ्यायच्या गाडीत दोन बॅटऱ्या किंवा लिथियम हवी.

टाकी रिकामी करायची पहिली वेळ मात्र लुरेला, तुमच्याच जागेवर घ्या. डंप स्टेशनवर, म्हणजे टाक्या रिकाम्या करायच्या सामायिक जागेवर, रविवारी सकाळी मागे पाच गाड्या उभ्या असतात, काकांना तिथे शिकायला नको.